पाठीखाली हात

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे 'नवी'च म्हणायचे. नवी, बेडपॅन आण. नवी, ते बाळ का कोकलतंय बघ. नवीच्या पायांचे तुकडे पडले होते आणि दुपार काही सरता सरत नव्हती. सकाळपासून घोटभर पाणी प्यायलाही फुरसत नाही. आणि लोकांना वाटतं, इथे काय, दिवसभर बाळं खेळवायची! या म्हणावं खेळवायला.

पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरांनी बजावलं होतं, "नुसतं पुढून पॅड बघून समाधान मानायचं नाही. बाई उताणी झोपली की रक्त मागे वाहतं. तिला कुशीवर वळवायचं, पाठीखाली हात घालायचा, मगच पुढची खाट."

नवी दर खेपेला हात घालायची. खिडकीजवळच्या खाटेपाशी तेवढा घातला नाही. तिथली पोरगी रात्रभर कळा सोसून सकाळी मोकळी झाली होती, आता कुठे तिचा डोळा लागला होता. उशाशी तिची आई नातवाला मांडीवर घेऊन बसलेली.

"झोपू द्या हो सिस्टर तिला जरा," आई काकुळतीला आली. "पार पिळून निघालीय पोर."

नवीने चादर उचलून पुढून पाहिलं. पॅड जवळजवळ कोरडं. चला, एक खाट तरी सुटली! खरं सांगायचं तर तिला वाकायचाही कंटाळा आला होता. "झोपू दे," म्हणाली आणि पुढे गेली.

थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर तिथून जाता जाता थबकल्या. "ही अशी पांढरीफटक का दिसतेय?" त्यांनी पाठीखाली हात घातला. तो मनगटापर्यंत लाल होऊन बाहेर आला.

मग एकच धावपळ उडाली. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, रक्ताची पिशवी लागली. मोठ्या सिस्टरांनी नवीला पोट चोळायला लावलं. हाताखाली गर्भाशय लिबलिबीत लागत होतं, आणि नवी घामाघूम होऊन चोळत होती, मनात नुसतं 'घट्ट हो गं बाई, घट्ट हो'. शेवटी एकदाचं ते घट्ट झालं. रक्त थांबलं. पोरगी वाचली.

मोठ्या सिस्टर तिला ओरडल्या नाहीत. "तोंड धुऊन ये," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर ती आई बाळाला छातीशी धरून रडत होती. "माझीच बुद्धी फिरली. मीच म्हटलं, झोपू द्या. स्वतःच्या हाताने पोरीला घालवून बसले असते मी!"

नवीला गप्प राहता आलं असतं. त्या आईला कुठे कळणार होतं? ती समोर उकिडवी बसली.

"मावशी, तुमचं काही चुकलं नाही. आई असंच म्हणणार. उठवायचं काम माझं होतं. मला सांगून ठेवलं होतं, तरी मी केलं नाही."

मावशींचं रडं थांबलं. मघापासून सिस्टर, सिस्टर करणारी ती बाई तिच्याकडे बघत राहिली.

"मग उठवायचं नाही का गं?" ती हळूच म्हणाली.