मोरीची फळी आणि अर्धी रोटी

मी एक जुनी फळी आहे. तुतीच्या लाकडाची, मध्य आशियातल्या ख्वारेझममधल्या एका मासळीच्या तळ्याच्या, पाणी सोडायच्या मोरीत बसवलेली. मित्रांनो, माझे आयुष्य दोन शब्दांत मावते. वर उचलली की पाणी वाहते, खाली सोडली की थांबते. म्हणून गोष्टही तशीच सांगते.

वर.

मद्रहिमने मला तासले तेव्हा डोंगरावरचा बर्फ कमी होत चालला होता आणि अमू नदीच्या कालव्याला पूर्वीसारखे पाणी नव्हते. मद्रहिमला मासे वाढवायचे होते, तळ्याखालच्या ओयबिबीला खरबुजे. दोघांनी ठरवले, पाणी आधी माशांनी वापरायचे, मग त्यांच्या घाणीसकट ते वेलांना सोडायचे. ओयबिबीने माझ्या माथ्यावर तंदूरची रोटी ठेवली. मद्रहिम तिला आपा, म्हणजे ताई, म्हणे.

"आपा, या रोटीची आण. आधी मासे, मग तुझी खरबुजं."

"आणि विसरलास तर?"

"तर मासेच मला शिव्या देतील."

"मासे मुके असतात, म्हणूनच त्यांना साक्षीला घेतोस."

दोघे हसले. अर्धी रोटी वाटून खाल्ली. उरलेली अर्धी ओयबिबीने घरी भिंतीला टांगली, वचन पुरे होईपर्यंत टांगतात तशी.

खाली. वर. खाली. वर.

चांगली वर्षे अशीच गेली. खरबुजे चाखून वाटसरू विचारत, "आपा, साखर पेरतेस का?" ती म्हणे, "माशांचं उष्टं खाऊ घालते." मद्रहिम जाता-येता माझ्यावर थाप मारी. त्या थापेवर माझा विश्वास होता.

खाली.

मग कालवा पार रोडावला. मद्रहिमने छपराखाली गोल टाक्या बांधल्या. तेच पाणी बोरूच्या मुळांतून गाळून पुन्हा माशांकडे फिरू लागले. शहाणपणाचेच काम ते. "आपा, मला आता थोडंच पुरतं. उरलेलं तुझं," तो म्हणाला. मी सुखावले.

पण त्या उरलेल्या पाण्यावर त्याने दुसरे छप्पर उभारून आणखी टाक्या भरल्या. माझ्या फटी चिखलाने लिंपल्या.

"मद्रहिम, वेलांनी माना टाकल्या. फळी उचल."

"पुढच्या पाळीला, आपा."

"मागच्या पाळीलाही हेच म्हणालास."

"टाकीतलं पाणी वाया जात नाही. शेतातलं जातं."

"मग मी पिते तेही वायाच म्हण."

वेल वाळले. तिच्या शेतात पांढरे मीठ फुटले. ज्या हातांनी मला वाटणीसाठी घडवले, त्यांनीच माझी भिंत केली.

आडवी.

मोरी विटांनी बुजली. आता छपराखाली माझ्यावर मासे कापतात. एका सकाळी ओयबिबी आली. तिने ती अर्धी रोटी माझ्यावर ठेवली.

"घे. माझ्या भिंतीला पेलवत नाही."

ती गेली.

मित्रांनो, पाणी वाचवायला जरूर शिका. पण वाचलेल्या पाण्यात ज्याचा वाटा ठरला आहे, त्याला तो द्या.

आमच्याकडे रोटी फेकत नाहीत. वचन मोडलेले, म्हणून ही खाताही येईना. मद्रहिमने सवयीने ती कपाळाला लावली आणि उंच फळकुटावर ठेवली. अजून तिथेच आहे. तो आता मासे कापतो ते तिच्याकडे पाठ करून.