डॉकनं हेल्मेट घेतलं

कॉटर गावात शुक्रवारी संध्याकाळी कुणी आजारी पडत नाही. पडलंच तर मॅच संपेपर्यंत तसं सांगत नाही. पश्चिम टेक्ससच्या त्या उजाड माळावर तेलाचे पंप, कापसाची शेतं आणि शाळेचं स्टेडियम एवढंच काय ते उभं आहे. त्यातलं स्टेडियम इतकं थोरलं, की अख्खं गाव आत बसवलं तरी जागा उरावी. शाळेचं छप्पर गळतं, पण स्टेडियमच्या दिव्यांना कधी काही कमी पडत नाही. शुक्रवारी दुपारीच दुकानांच्या काचांवर पोरांच्या जर्सीचे नंबर रंगतात आणि सात वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

डॉक्टर वसुधा सबनीस या गावात आली तेव्हा तिला इथल्या, हेल्मेट घालून हातांनी खेळायच्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गावाला मुलांचा डॉक्टर हवा होता, तिच्या नवऱ्याला, नरेंद्रला, तेलाच्या कंपनीत नोकरी होती, म्हणून ती आली. दोन वर्षं काढू आणि मोठ्या शहरात जाऊ, असं ठरलं होतं. पण पहिल्याच हिवाळ्यात शाळेच्या संघाला मैदानावर उभा राहणारा डॉक्टर मिळेना आणि प्रिन्सिपल तिच्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हापासून दर शुक्रवारी ती खेळाडूंच्या बाकापाशी घडीची खुर्ची टाकून बसू लागली. गावानं तिचं लांबलचक नाव बाजूला ठेवून तिला ‘डॉक’ करून टाकलं.

नरेंद्र तर तिच्याही पुढे गेला. मैदानाच्या कडेला दहा यार्ड मोजायची साखळी धरतात, तिचं एक टोक त्याच्या हातात आलं. कोपरगावच्या शाळेत पीटीच्या तासाला पळ काढणारा हा माणूस टेक्ससमध्ये साखळी धरून कृतकृत्य झाला. घरी तो मसाला लावून शेंगदाणे भाजायचा आणि ‘डॉक्स पीनट्स’ म्हणून ते स्टेडियमच्या स्टॉलवर विकले जायचे. डॅलसच्या मराठी मंडळाचा गणपती शुक्रवारी आला, तर सबनीस मंडळी गणपतीला शनिवारी जात. त्याबद्दल मंडळात चेष्टा व्हायची, पण दोघांनाही ती आवडायची. आपण कुठेतरी पक्के रुजलो आहोत, असं त्यांना त्या चेष्टेतून वाटायचं.

वसुधाची मैदानावरची एक रीत होती. एखाद्या पोराच्या डोक्याला मार लागला आणि तिला शंका आली, की ती त्याचं हेल्मेट काढून घ्यायची आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून बसायची. हेल्मेट नाही तर खेळ नाही. वाद घालायचं कामच नाही. डॉक अंडं उबवायला बसली, असं म्हणून लोक हसायचे. आजवर तिनं घेतलेली हेल्मेटं मात्र राखीव पोरांची होती, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याही नाही.

त्या शुक्रवारी तिनं वेसचं घेतलं.

वेस म्हणजे संघाचा क्वार्टरबॅक. ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुटते, तो पोरगा. आणि तिच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या डार्लाचा एकुलता एक मुलगा. तो जन्मला तेव्हा पहिल्यांदा त्याला तपासलं होतं ते वसुधानं. बाद फेरीची मॅच होती. वरच्या रांगेत एका कॉलेजचा कोच खास त्याला बघून स्कॉलरशिप द्यायची का ते ठरवायला येऊन बसला होता. समोरून दोन दांडगी पोरं वेसवर आदळली आणि त्याचं डोकं मागच्या मागे जमिनीवर आपटलं. तो उठला. टाळ्या पडल्या. मग तो शांतपणे चालत समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

लोकांना ती गंमत वाटली. वसुधा मात्र खुर्चीतून उठून त्याच्यापाशी गेली.

“वेस, आज आपण कुणाशी खेळतोय?” तिनं विचारलं.

त्यानं गेल्या आठवड्यात हरवलेल्या गावाचं नाव सांगितलं.

तिनं हेल्मेट घेतलं आणि मांडीवर ठेवलं. संघाचा कोच आधी हसला, मग विनवू लागला, मग त्याचा चेहरा लालबुंद झाला. डार्ला पायऱ्या उतरून धावत आली. “डॉक, तो मला ओळखतोय. त्याला स्वतःचं नाव सांगता येतंय. प्लीज!” वसुधानं दोन्ही हात हेल्मेटवर घट्ट धरले आणि मान हलवली. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला अशी सूज येते की पोरगं मैदानावरच जातं, नाहीतर जन्मभर अंथरुणावर पडून राहतं. हे तिनं कितीदा तरी पालकांना समजावून सांगितलं होतं. डार्लानं स्वतः ती पत्रकं वाटली होती.

राखीव पोरानं कशीबशी मॅच जिंकून दिली. हरले असते तर बरं झालं असतं. राग एका रात्रीत निवला असता. पण जिंकल्यामुळे पुढच्या शुक्रवारची मॅच आली, तीही टॉस जिंकल्यानं आपल्याच मैदानावर, आणि समोर संघ असा की वेसशिवाय त्याच्यापुढे उभं राहणं म्हणजे हसं करून घेणं. डोक्याला मार लागलेल्या पोराला डॉक्टरच्या सहीशिवाय परत खेळवता येत नाही, त्यामुळे आता सगळं गाव एका सहीवर येऊन टेकलं. ती सही डॉकची होती.

सोमवारी टायरच्या दुकानाबाहेरच्या फलकावर अक्षरं लागली: ‘डॉक, हेल्मेट परत द्या’. मंगळवारी सकाळच्या तीन आयांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या. डार्ला कामावर यायची, फोन घ्यायची, पण वसुधाकडे मान वर करून बघायची नाही.  शेवटी घरी जेवताना नरेंद्रनं विषय काढला.

“पोरगा ठीक दिसतो गं. काल ग्रोसरीत भेटला. हसला माझ्याशी.”

“हसला म्हणजे मेंदू बरा झाला?”

“तसं नाही म्हणत मी. पण टेस्ट घे ना. पास झाला तर साइन कर. सिंपल आहे.”

“नाही झाला तर?”

नरेंद्रनं ताटातली पोळी चिवडली. “आपण म्हातारे झालो, वसू. आता कुठे जाणार आहोत आपण?”

त्यात धमकी नव्हती, भीती होती. ती वसुधालाही होती. म्हणूनच तिला त्याचा राग आला.

बुधवारी तिनं वेसला बोलावलं. मनातून तिला तो पास व्हायलाच हवा होता. सही करायला तिचा हात शिवशिवत होता. डार्ला दाराशी उभी राहिली. वसुधानं टॉर्चचा उजेड डोळ्यांत टाकला, त्याला एका पायावर उभं केलं, वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... पोरगा कुठे अडखळला नाही. मग पाच शब्दांची पाळी आली. पाच शब्द सांगायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि थोड्या वेळानं ते परत विचारायचे. वसुधा वर्षानुवर्षं तेच पाच शब्द वापरायची: खुर्ची, घोडा, पाऊस, कात्री, लोणी. त्या दिवशी तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं दुसरेच सांगितले: पूल, मीठ, खिडकी, बदक, घंटा.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “सांग बघू मघाचे शब्द.”

वेस ताठ बसला आणि शाळेत कविता म्हणावी तसा म्हणाला, “खुर्ची, घोडा, पाऊस, कात्री, लोणी.”

 पोरगा दोघींकडे आशेनं बघत होता. आपण बरोबर सांगितलं, अशी त्याची खात्री होती. आईनं तीन दिवस घोकून घेतलेले शब्द त्याला लख्ख आठवत होते. नुकतेच कानावर पडलेले मात्र कुठल्या कुठे गेले होते.

वेसला बाहेर पाठवून वसुधानं दार लावून घेतलं. “डार्ला, तूच दिलेस ना त्याला ते शब्द?”

“तो नर्व्हस होता.” डार्ला म्हणाली. “तुम्ही मुद्दाम बदललेत. मुद्दाम! त्याला पाडायचंच होतं तुम्हाला.”

“अगं, त्याला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाहीये. तुझा मुलगा आहे तो!”

“माझाच आहे,” डार्ला म्हणाली. “इथून बाहेर पडायची त्याची एकच वाट आहे. तुमची मुलगी गेली बाहेर. तिला नाही हो डोक्यावर मार खावा लागला त्यासाठी.”

वसुधानं कोरा फॉर्म फाइलमध्ये ठेवला. तिनं सही केली नाही, एवढंच.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की वेसनं पाचच्या पाच शब्द घडाघडा म्हणून दाखवले आणि तरीही डॉकनं नाकारलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून ते खोडायचीही सोय नव्हती. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा नियम तिनं आयुष्यभर पाळला होता. तो तिनं आताही पाळला आणि मुकाट्यानं बदनाम झाली. तिनं कोचला मात्र फोन करून स्पष्ट सांगितलं, की याला खेळवू नका. कोच म्हणाला, “डॉक, डॉक्टर निवडायचा हक्क आई-बापांचा आहे.” गुरुवारी डार्लानं रजा टाकली आणि दोन तासांवरच्या शहरातल्या कुठल्याशा डॉक्टरकडून सही आणली. त्या डॉक्टरनं वेसला त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. फलकावरची अक्षरं बदलली: ‘वेस परत आला’.

त्याच संध्याकाळी नरेंद्रला फोन आला. उद्या साखळी दुसरं कुणी धरेल, तुम्ही जरा विश्रांती घ्या, असं फार गोड आवाजात सांगितलं गेलं. संघाच्या बाकापाशीही दुसऱ्या डॉक्टरची सोय झाली होती. शेंगदाण्यांची पाकिटं कुणीतरी खोक्यात घालून व्हरांड्यात ठेवून गेलं होतं. बेल वाजवायचीही तसदी घेतली नव्हती.

दूर हर्नडनहून मुलीचा, रुचाचा फोन आला. “आई, सोड ते गाव. सीरियसली. इकडे या दोघं. यू डोन्ट ओ देम एनीथिंग.” वसुधा बरं म्हणाली. पण गाव सोडलं तरी वेस शुक्रवारी खेळणारच होता. हे रुचाला कुणी सांगावं?

शुक्रवारी सात वाजता नरेंद्र संघाचं जाकीट घालून दिवाणखान्यात बसला. ते का घातलं, हे वसुधानं विचारलं नाही. स्टेडियम घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. खिडकीतून दिवे दिसत होते, गर्दीचा आवाज ऐकू येत होता. फोनवर गावच्या स्टेशनची कॉमेंट्री लावली होती, ती मात्र थोडी मागून यायची. आधी खिडकीतून आरडाओरडा यायचा आणि मग कशासाठी ते फोन सांगायचा. वेसनं गुण मिळवून देणारा पहिला टचडाउन केला, मग दुसरा. कॉमेंट्री करणाऱ्यानं दोनदा त्याचं नाव घेतलं. कुणाच्या तरी हट्टापायी हा मुलगा आज घरी बसणार होता, असं तो म्हणाला. नाव घ्यायची गरज नव्हती.

नरेंद्रनं हळूच म्हटलं, “बरा खेळतोय.”

“हो,” वसुधा म्हणाली.

आणि मग खिडकीतून येणारा आवाज एकदम थांबला. हजारो माणसं एका क्षणात गप्प झाली. बँड थांबला. फोनवरचा माणूस अजून मागेच होता; वेसनं चेंडू घेतलाय, तो मागे सरकतोय, असं उत्साहानं सांगत होता. वसुधा उठून उभी राहिली. ही शांतता ती ओळखत होती. पोरगं पडलं की स्टेडियम असंच गप्प होतं.

त्या चार श्वासांत तिच्या छातीवरचा दगड उतरला. आता कळेल सगळ्यांना. फलक उतरेल, डार्ला रडत दारात येईल, नरेंद्रची साखळी परत मिळेल. देवा, खरं ठरू दे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खिडकीची तावदानं हादरतील असा जल्लोष झाला. मागोमाग फोनवरचा माणूस ओरडला, पडला, वेस पडला, हलत नाहीये... नाही, उठला! हात हलवतोय! हा पोरगा लोखंडाचा आहे!

वसुधानं डोळे उघडले. नरेंद्र तिच्याकडेच बघत होता. त्यानं इतक्या वर्षांत तिच्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं.

“वसू,” तो म्हणाला, “तू हसलीस.”

“कधी?”

“आत्ता. सगळं गप्प झालं होतं तेव्हा.”

 तो उठला. शांतपणे जाकीट काढून त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि आत निघून गेला. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

ती एकटीच खुर्चीत बसली. खेळ पुन्हा सुरू झाला होता, अजून निम्मी मॅच बाकी होती. फोन काय सांगतोय इकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचे कान खिडकीकडे लागले होते. तिथला आवाज पुन्हा कधी थांबतो याची ती वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे तिला स्पष्ट कळत होतं.