तीन ठोके आणि एक

लोरेटने बादली हळूच कलती केली आणि शिळे डोनट हाताने अडवत अडवत अस्वलासाठी रानात ठेवलेल्या ड्रममध्ये सोडले, एकही आपटून आवाज होऊ नये म्हणून. वरून काकवीची धार धरली, ड्रमच्या भोकाच्या कडेला बडीशेपेचं तेल चोळलं आणि आली होती तशी चवड्यांवर मागे फिरली. वाळकी काटकी दिसली की ती पाय उचलून पलीकडे टाकायची. लहानपणी वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जाताना त्यांनी कान उपटून शिकवलं होतं, रानात तोंड बंद आणि पाय हलके.

झाडाला बांधलेला कॅमेरा तिने जाता जाता उघडून पाहिला. दोन खारी, एक कावळा आणि खुद्द लोरेट, चोरासारखी वाकलेली. अस्वल नव्हतं. आमिष घालायला लागून आज एकवीस दिवस झाले होते.

ड्रमशेजारच्या झाडावर कायद्याप्रमाणे नावपत्त्याची पाटी ठोकलेली होती. त्यावर नाव अजून तिच्या नवऱ्याचंच होतं. एकतीस वर्षं अल्सीद ह्याच ड्रमवर अस्वलं बोलवत आला होता, आणि सेंट जॉन नदीच्या काठावर त्याच्या आमिषाबद्दल लोक काय वाटेल ते बोलत. कुणी म्हणे तो मध जाळतो, कुणी म्हणे त्याच्या आजीचं काही गुपित आहे. मार्चमध्ये त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शब्द एकच उरला, तो म्हणजे 'हो'.

ह्या 'हो'ने लोरेटला पार रडकुंडीला आणलं होतं.

"मध टाकायचास का रे?"

"हो."

"की नुसतं तळणीचं तेल?"

"हो."

"आणि मी पोप आहे, होय ना?"

"हो," अल्सीद मनापासून म्हणाला.

तेव्हापासून तिने नियमच केला होता. खरा प्रश्न विचारला की मागोमाग एक वेडगळ प्रश्न विचारायचा. दोन्हींना 'हो' आलं की पहिलं उत्तरही सोडून द्यायचं.

लेक पोर्टलंडला होती, झोझेट. बापाला झटका आल्यापासून ती एकच गोष्ट लावून धरून होती. घर बंद करा आणि इकडे या. दोघींची फोनवर बरीच जुंपली, तेव्हा लोरेट इरेला पेटून म्हणाली होती, "ह्या वर्षीचं अस्वल मी आणते. डीप फ्रीज भरला तर आम्ही इथेच. नाही भरला, तर तू म्हणशील तिथे." शब्द तोंडातून गेला होता. झोझेटने तो लगेच उचलला आणि दक्षिणेकडची खोलीसुद्धा रंगवून घेतली. पोर वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती.

शिकारीचा हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस उरले असताना अल्सीदचा चुलतभाऊ फर्नां एक गोठवलेलं बीव्हर खांद्यावर टाकून दारात आला. नदीतलं हे जनावर तो हिवाळ्यात सापळ्यात धरायचा.

"वहिनी, गोड गोड काय घालत बसलीस? ते अस्वल आहे, पाव्हणा नाही चहाला आलेला. हे टांग ड्रमवर. वास नदीपलीकडे कॅनडात जाईल."

"अन् तिकडची अस्वलं पासपोर्ट काढून येतील?"

"ये म्हटल्यावर येतात गं. अल्सीदची यायची."

ड्रम भरलेला होता, तो गावानेच भरला होता. बेकरीवाली झिलबेर्त रोजचे उरलेले डोनट पोत्यात बांधून ठेवायची, खानावळीतून तळणीचं तेल यायचं, पाद्रीबाबांनी बुरसटलेल्या जॅमच्या सात बरण्या पाठवल्या. देणारा प्रत्येक जण चार शब्दांचा सल्लाही देऊन जायचा. लोरेटला कधी कधी हे सगळं डोक्यावरून पाणी गेल्यासारखं वाटे. पण अंथरुणाला पाठ टेकली की डोळे भरून यायचे. एवढी माणसं आपली आहेत. इथून उठून जायचं तरी कसं?

बीव्हर टांगलं. चार दिवस गेले. वास असा सुटला की लोरेटला स्वतःलाच ड्रमपाशी जाववेना, पण कॅमेऱ्यात खारीच.

घरी जेवणाच्या वेळी आणखी एक ताप होता. अल्सीद डाव्या हाताने चमचा वाडग्यावर आपटायचा. टक टक टक, मग थांबून एकदा टक. तिने सूप वाढलं तर खायचा नाही. पाणी दिलं तर सरकवून ठेवायचा.

"अरे, भूक नाही तर वाजवतोस कशाला?"

"हो."

"घर डोक्यावर घे नुसतं."

सव्विसाव्या दिवशी ती रानातून परतली ती चिडूनच. काकवी बादलीच्या बुडाला घट्ट बसली होती. मागच्या पायरीवर तिने बादली उपडी केली आणि राग काढत आपटली. तीनदा आपटली. दमली, श्वास घेतला, पुन्हा एकदा आपटली.

आतून चमचा वाजला. टक टक टक. टक.

लोरेट चपापली. पाय आपोआप निघालेच होते, चुलीकडे. एवढी वर्षं अल्सीद ड्रम भरून आला की ह्याच पायरीवर रिकामी बादली अशीच झाडायचा, आणि तो आवाज कानावर पडला की ती तवा टाकायची. हात धुऊन तो टेबलाशी येईपर्यंत कुट्टूच्या पिठाची पहिली धिरडी ताटात असायची. हाक मारायची वेळच कधी आली नव्हती.

ती दारात आली. अल्सीद खुर्चीत पुढे झुकून तिच्याकडे बघत होता.

"बादली तू ड्रमवर पण अशीच वाजवायचास," ती म्हणाली.

"हो."

ती दुसरा प्रश्न विचारायला गेली आणि थांबली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो हसतही होता, निम्म्या तोंडाने.

दुसऱ्या दिवशी ती धडधडत रानात गेली. काटक्या मुद्दाम मोडल्या. ड्रम भरला आणि रिकामी बादली त्याच्या पत्र्यावर हाणली. तीन ठोके, आणि एक. आवाज सबंध दरीत घुमला. वडील असते तर त्यांनी तिथेच कान धरला असता. चवड्यांवर येणारं ते कोण, हे बिचाऱ्या अस्वलांना कळलंच नसेल. लपत येतो त्याच्या हातचं कोण खातं?

शनिवारी कॅमेऱ्यात तो होता. मोठा नर, छाती ड्रमला टेकलेली, वेळ संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं.

सोमवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, फर्नां तिला चारचाकी मोटारसायकलवरून सोडायला आला. ड्रम भरला, ठोके दिले, लोरेट बंदूक घेऊन मचाणावर चढली. मग फर्नां जमेल तेवढा गोंगाट करत, बेसूर गात परत गेला, म्हणजे अस्वलाने समजावं की वाढणारा गेला. सव्वापाचला झुडपं हलली. तो बिनघोर आला, घरचं जेवायला यावं तसा. त्याची कूस बंदुकीसमोर येईपर्यंत तिने वाट पाहिली आणि एकदाच गोळी झाडली.

खाली उतरून तिने त्याच्या गरम मानेवर हात ठेवला.

"आलास," ती म्हणाली. "फार उपकार झाले."

फ्रीज भरला. फर्नांला एक मांडी, झिलबेर्तला पेस्ट्रीत घालायला चरबी, पाद्रीबाबांना बरणी धुऊन तिच्यात मुरवलेलं मांस पोचलं. झोझेटचा फोन आला तेव्हा लोरेट कमरेवर हात ठेवून फ्रीजसमोरच उभी होती.

"खोली रंगवलीय गं आई," झोझेट म्हणाली.

"छान केलंस. नाताळात येऊ ना राहायला. आठ दिवस."

संध्याकाळी तिने मांस शिजायला ठेवलं. अल्सीदने चमचा उचलला. टक टक टक. टक. लोरेटने तवा टाकला, पीठ ओतलं, आणि उलथनं हातात तसंच ठेवून मागे वळली.

"काय रे, एवढी वर्षं मलाही ह्याच आमिषावर ठेवलंस का?"

"हो," अल्सीद म्हणाला.

ह्या खेपेला तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. धिरडं उलटलं आणि त्याच्या ताटात वाढलं.