आग्रह

आमच्या जावयाची एक खोड मला पहिल्या दिवाळसणापासून खुपते. ताटात गरम भाकरी पडली की माणसाने ती मोडावी, कालवणात बुडवावी, तोंडात घालावी. वामनराव आधी तिच्याकडे बघत बसतात, जणू भाकरीच आपण होऊन काही बोलणार आहे. आमचं माजघर लांबायला लागलं त्या दिवशीही ते असेच बघत बसले होते. माझा मुलगा दिगंबर पलीकडच्या भिंतीशी मुकाट्याने जेवत होता. भिंत मागं सरकली, तिच्याबरोबर दिगंबरचा पाटही सरकला, पण कोनाड्यातला दिवा हललासुद्धा नाही. दोघांच्या मध्ये आणखी एक पाट मांडता येईल एवढी जागा झाली, इतकंच.

"सासूबाई, घर लांबलं," वामनराव म्हणाले.

"घराचं घर बघेल. तुम्ही जेवा," मी म्हटलं.

लढाई कुठं चालली होती ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण तिला माणसं कमी पडली. पहिलवान संपले, पोलीस संपले, तेव्हा ती आमच्या आळीत आली. आमच्या आळीत कोण? माझ्या दिगंबरसारखे शिंपी, न्हावी, एक हलवाई, एक घड्याळजी. काजं करणारी, दाढ्या करणारी माणसं. यांनी कुणाला काय मारायचं? तरी शिपाई दारोदार फिरायला लागला. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. हातात पाण्याने भरलेला पितळी तांब्या असायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहून चांगल्या घरच्या माणसासारखा विचारायचा, "माई, जेवणं झाली का?"

झाली म्हटलं की तो तांब्या पुढं करायचा.

घड्याळजी केशवराव पडले नाकासमोर चालणारे. "आत्ताच आटोपलं," म्हणाले. शिपायाने त्यांच्या हातावर पाणी घातलं. केशवरावांनी ओल्या हाताने चौकट धरून चपला घातल्या आणि त्याच्या मागून चालू लागले. बायको हाका मारत राहिली, त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या चौकटीवर ओला पंजा उमटलाय. सबंध उन्हाळा त्याच्यावर तापला, पण तो वाळला नाही.

त्या दिवसापासून आळी शहाणी झाली. भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, हे लढाईलासुद्धा कळत होतं. जेवणाऱ्याला नेत नव्हते. मग काय, आळीतले सगळे पुरुष जेवायला बसले ते बसलेच. न्हाव्याचा सोपान बसला. हलवायाच्या घरची कढई तर चुलीवरून उतरेचना. शिपाई विचारी, "जेवणं झाली का?" आणि घराघरातून बायका ओरडत, "चाललंय!"

मी आपली पहिल्याच दिवशी त्याला धारेवर धरलं. "शिंप्याचं काय काम रे तुमच्याकडे?"

"तिकडं फार उसवलंय, माई," तो म्हणाला.

"आणि न्हाव्याचं?"

"केस तिकडंही वाढतात."

"किती माणसं न्यायची म्हणतोस?"

"घरटी एक."

"जावई धरतात का त्यात?"

त्याने आत डोकावून वामनरावांकडे बघितलं. "जेवतात ना इथं? मग इथलेच."

मी वळले तर वामनरावांनी ऐकलं होतं. शालनने, माझ्या लेकीनेही ऐकलं होतं. चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं.

वामनराव कापडाच्या दुकानात गज धरायचे. लढाईने कापड पळवलं, दुकान बंद झालं, आणि जावईबापू चार दिवस म्हणून आले ते पाट अडवून बसले. आता घरात दोन पुरुष आणि जाणार एक. जो आधी ताटावरून उठेल तो. हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. त्या दिवसापासून मी भाकऱ्या थापायला लागले आणि एक डोळा जावयावर ठेवला.

लेकीवर दुसरा. शालन नवऱ्याला वाढायची तेव्हा माझ्याकडे पाठ करायची. हातभर पदर पसरून असं वाढायची, की ताटात काय पडलं ते दिसू नये. मी दिगूला दोन भाकऱ्या दिल्या की ती वामनरावांना अर्धी देई. अर्ध्या भाकरीवर माणूस किती तग धरणार? पण वामनराव बसून होते. हात ताटातून तोंडाकडे, तोंडाकडून ताटात. गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते, आणि ताट मात्र चाटूनपुसून स्वच्छ.

"काय गं, नवऱ्याला उपाशी मारतेस का?" मी एकदा विचारलं.

"त्यांना बेताचंच लागतं," ती म्हणाली.

"बेताचं लागणारा माणूस सासुरवाडीत महिनोन्महिने बसत नाही."

माझ्या पोटची पोर, पण नजर अशी चुकवत होती की जणू पीठ चोरून विकतेय. मला वाटलं, ही दोघं दिगूच्या कालवणात काहीतरी घालतात. मग मी दिगूच्या वाटीतलं आधी चाखायला लागले.

दिगंबर पहिल्यापासून कमी जेवणारा. मशीनवर बसला की त्याला भूक आठवत नाही. असा मुलगा अखंड जेवणार कसा? लवकरच त्याने ताटावर हात आडवा धरला.

"आई, पु..."

"तो शब्द तोंडातून काढायचा नाही!" मी म्हटलं. दारात शिपाई उभा. तो शब्द त्याच्या कानावर पडला असता तर तांब्या आत आला असता. मी दिगूच्या आडव्या हातावरच भाकरी ठेवली. आळीत कुणालाही विचारा, माझ्या पंगतीतून कुणी हात झटकून उठलेला नाही. व्याह्यांना मी रडवलंय. पाहुणा हात आडवा धरतो, तेव्हा बोटांच्या फटीतून तूप सोडायचं. मग तो जेवतो. ही माझी विद्या. ती पोटच्या पोरासाठी नाही वापरायची तर कुणासाठी?

दिगू जेवला. माजघर आणखी लांबलं.

रोज लांबत होतं. त्याची भिंत मागं जायची आणि भिंतीबरोबर त्याचा पाट जायचा. वामनरावांचा पाट चुलीपाशी होता तिथंच होता. मला हेही संशयाचंच वाटलं. माणूस एवढा उबेला का बसतो? मी म्हटलं, "जावईबापू, जरा दिगूच्या जवळ सरकून बसा, त्याला सोबत होईल."

"इथंच बरा आहे मी," ते म्हणाले.

मधल्या जमिनीवर नवे कोनाडे, नव्या खुंट्या येत गेल्या. मी रोज सारवत पुढं गेले, पण शेण पुरेना. पुढं पुढं सारवलेल्या जमिनीतून गवत यायला लागलं. दिगूपर्यंत भाकरी न्यायची तर मध्ये बसून दम खावा लागे. भाकरी निवायची. मग मी टोपलीत निखारे घेऊन जाऊ लागले आणि त्याच्या समोर गरम करून वाढू लागले. दुरून गडगडल्यासारखं व्हायचं.

"कुणाच्या लग्नाचे फटाके रे?" मी विचारलं.

"फटाके नाहीत, आई."

"मग तू लक्ष देऊ नकोस. जेव."

त्याचा सदरा धुळीने खाकी झाला होता. मी झटकला, तर धूळ निघेना. त्याने माझा हात धरला. "आई, मागं बघ. इथून चूल दिसते का?"

मी मागं बघितलं. आमचे वासे एकामागून एक गेले होते, आणि टोकाला काळं.

"दिसते की," मी म्हटलं. "शालन फुंकतेय. घे, ही एवढी संपव."

त्याने संपवली.

पुढच्या खेपेला तो एकटा नव्हता. माजघराची भिंतच राहिली नव्हती. उघड्यावर लांबच लांब पंगत बसली होती. न्हाव्याचा सोपान होता, हलवायाचा थोरला होता, आणि पुढं कुठल्या कुठल्या गावचे लोहार, वाणी, मास्तर, टांगेवाले, सगळे मांडी घालून, मान खाली घालून जेवत होते. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे. त्यांच्यामधून आया फिरत होत्या, प्रत्येकीच्या काखेत टोपली. सोपानची आई माझ्या अंगावरून गेली. आम्ही एका नळावर भांडलेल्या बायका, पण तिने ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. तिच्या टोपलीत माझ्यापेक्षा जास्त भाकऱ्या होत्या, हे मात्र बघून घेतलं.

दिगूने ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते.

"आई, आता बस."

"असं म्हणून कसं चालेल? माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी औषध घेताना बघायचा तसं. मग एक हात काढला, मग दुसरा. मी वाढलं. तो घास गिळत असताना पंगत हलली. कुणी उठलं नाही, सगळे बसल्या बसल्या पुढं गेले, नदीत होड्या जातात तसे. मी टोपली घेऊन त्यांच्या मागं पळाले. दिगूचा हात तोंडाकडे जात होता तेवढा दिसत राहिला. मग नुसती धूळ दिसली.

मी परत आले. किती चालले ते पायांना ठाऊक. दारात शिपाई होता. त्याने तांब्यातलं पाणी पायरीवर ओतून टाकलं.

"तुमच्या घरचं झालं, माई."

"तो उठला नाही!" मी ओरडले. "भरल्या ताटावर होता माझा मुलगा. तुझा कायदा कुठं गेला?"

"आम्ही कुठं उठवलं?" तो म्हणाला आणि तांब्या पालथा काखेला मारून पुढच्या घरी गेला.

आत वामनराव चुलीपाशी बसले होते. समोर ताट. हात ताटातून तोंडाकडे, तोंडाकडून ताटात. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. वजन मुळीच नव्हतं, वाळत घातलेलं धोतर उचलावं तसे उठले. मग मी पाट ओढला.

पाटाखाली भाकऱ्या होत्या. अर्ध्या अर्ध्या, एकावर एक रचलेल्या, खाली जमिनीत खोल उतरत गेलेल्या. मी वाकून बघितलं, तळ दिसला नाही.

"एक घासही पोटात घेतला नाही मी," वामनराव म्हणाले. "पहिल्या दिवशी दिगंबररावांनी घास घेतला, आणि भिंत गेली. मी नुसतं बघत होतो, तर माझा पाट हलला नाही."

"तोंडात शब्द नव्हता का तुमच्या?"

त्यांनी खाली बघितलं. बोलली ती शालन.

"दिगूला मी सांगितलं होतं, आई. पहिल्याच आठवड्यात, तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा. त्याला सगळं ठाऊक होतं."

"मग तो का जेवला?"

"म्हणाला, आईचा हात कसा आडवू?"

तव्यावर भाकरी होती. कुणासाठी टाकली होती ते मला आठवेना. ती टम्म फुगली, मी उचलली, आणि उभीच राहिले. माजघर आता पूर्वीएवढंच होतं. पलीकडची भिंत जागच्या जागी, कोनाड्यात दिवा. वामनराव पाटावर परत बसले होते आणि माझ्या हातातल्या भाकरीकडे बघत होते. शालनने त्यांच्या ताटावर स्वतःचा हात आडवा धरला. माझी बोटं भाजत होती, तरी भाकरी खाली ठेवावी असं वाटेना.

"तुम्ही जगाल, जावईबापू," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी आग्रहच केला नाही."