हाक मारली होतीस का?

मी एक टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर बोललोच आहे म्हणा, पण ते सगळं दुसऱ्यांचं. माझ्यासमोर कुणी तरी बोलायचं आणि मी ते जसंच्या तसं परत म्हणायचं, एवढंच माझं काम. माझं स्वतःचं असं हे पहिलंच.

परदेशात जन्मलेला, हिब्रू शिकवण्यात हयात गेलेला हा डबा मराठी कसा काय बोलतो, असं तुम्हाला वाटेल. ही भाषा मला ताईनं दिली. ताई कोण, ते पुढे येईलच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. काळा चौकोनी देह, वर उचलायला दांडा, समोर बटणांची रांग आणि त्यात एक लाल बटण, आवाज भरून घेण्याचं. दुकानातून मला घरी नेलं ते एका शिक्षिकेनं. तिचे विद्यार्थी तिला ज्या शब्दानं हाक मारत त्याचा अर्थ ‘बाई’ असाच होता, म्हणून मीही बाईच म्हणतो. कामाधंद्यासाठी परमुलखातून आलेल्या मोठ्या माणसांना बाई हिब्रू शिकवत. धुलाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. गवंडी असत, स्वयंपाकी असत, एक निवृत्त न्यायाधीशही होते आणि ते सगळ्यांत ढ होते.

विद्यार्थ्यांना घरी सराव करता यावा म्हणून बाई कॅसेटी भरत. दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर मला ठेवायचं, खिडक्या लावायच्या, घरघर नको म्हणून फ्रीज बंद करायचा, घसा साफ करायचा आणि मग लाल बटण. फ्रीज परत चालू करायला त्या हमखास विसरत आणि दूध नासे. एक वाक्य बोलून त्या थांबत. त्या रिकाम्या जागेत शिकणाऱ्यानं उत्तर द्यायचं.

मराठीसारखंच हिब्रूतही बाईमाणसाचं क्रियापद वेगळं, पुरुषाचं वेगळं. म्हणून संवादात पुरुषाचा आवाज हवा, असं बाईंना वाटे. त्यांचे यजमान पियानो सुरात लावायचं काम करत. त्यांना त्या नेहमी म्हणत, दोन वाक्यं बोला ना. ते हसून टाळत. मी ऐकणारा माणूस, मला बोलायला कशाला लावतेस, म्हणत. शेवटी पुरुषाची वाक्यंही रिकामीच राहिली.

एकदा ते एका सभागृहातला पियानो लावायला गेले होते. एक तार मनासारखी बसेना, म्हणून उशीर झाला. परत आले तेव्हा बाई टेबलाशी खुर्चीत बसलेल्या होत्या. गेलेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग माझी रवानगी कपाटावर झाली. अंगावर जुनी चादर, शेजारी कॅसेटींचं खोकं. खाली घरात पावलांचा आवाज येई, पण बोलणं ऐकू येत नसे. एकट्या माणसानं बोलायचं तरी कुणाशी? यजमानांचे डोळे अधू होत गेले, काम सुटलं, आणि ताई आली तेव्हा ते चांगलेच म्हातारे झाले होते.

ताईला आणलं त्यांच्या लेकीनं. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. बाबांना एकटं ठेवणं अवघड झालं, म्हणून तिनं रात्रंदिवस राहणारी परिचारिका शोधली. ताईचा भाऊ फोनवर तिला ताई म्हणे, तेच नाव मी उचललं. म्हाताऱ्यांना ती आईशी बोलताना ‘आमचे आजोबा’ म्हणायची, तेही उचललं.

ताईला हिब्रूचे चारदोन शब्द येत होते. पाणी, औषध, दुखतंय, झोपा. आजोबा दुसरी भाषा बोलतच नसत. पहिले काही दिवस दोघांचा संसार खाणाखुणांवर चालला, आणि अधू डोळ्यांच्या माणसाला खुणा दाखवून उपयोग काय? त्यांना लघवीला जायचं असे, तेव्हा ही सूप पुढे करी.

एकदा रजया काढताना ताईला मी सापडलो. तिनं लेकीला फोनवर विचारलं; दोघींचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. लेक म्हणाली, त्या आईच्या कॅसेटी आहेत, शीक त्यांच्यावर, फक्त बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

तेव्हापासून आजोबांचा डोळा लागला की ताई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि मला हळू आवाजात लावायची. भाज्या चिरता चिरता ती बाईंच्या मागून म्हणे. आईला फोनवर सांगे, “अगं, पुस्तक मागून उघडायचं, उजवीकडून वाचायचं. आणि काना, मात्रा, वेलांटी लिहीतच नाहीत. वाचणाऱ्यानं मनानंच घालायची. म्हणजे घर बांधून द्यायचं आणि दारंखिडक्या राहणाऱ्यानं लावून घ्यायच्या!” घशातून काढायचे शब्द ऐकून आईला वाटलं, पोरीला सर्दी झाली. गुळण्या कर म्हणाली.

पण थोड्याच दिवसांनी आई म्हणाली, “तुझा आवाज बदललाय गं. तू आहेस, पण दुसरंच कुणी तरी बोलतंय असं वाटतं.”

आईच्या कानाला बरोबर कळलं होतं. ताईला बाईंशिवाय दुसरी शिक्षिकाच नव्हती. त्यामुळे शब्दांबरोबर तिनं बाईंचं सगळंच घेतलं. बोलण्याआधी घेतलेला छोटा श्वास, प्रश्नाच्या शेवटी आवाज किंचित खाली नेण्याची लकब, ‘हो’ म्हणतानाचा मऊपणा. कधी कधी ती बोलायची आणि मलाच वाटायचं, माझं बटण कुणी दाबलं?

राहता राहिलं दार. जन्मभर तारा ऐकलेल्या कानाला लोटलेलं दार म्हणजे काय!

एका दुपारी माझ्यातून बाईंनी विचारलं, “एफो अता?” कुठे आहेस? ताईचे हात कणकेत होते. ती उत्तर आठवत होती, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. “अनी कान.” मी इथेच आहे.

वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली ती जागा भरली गेली. ताई हसली. आजोबा आपला अभ्यास घेताहेत, असं तिला वाटलं. मला हसू आलं नाही. माझी चाकं फिरत राहिली एवढंच.

मग ते रोजचंच झालं. आजोबा झोपेनासे झाले. दुपार झाली की दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत वाट बघत बसत. बाई विचारत, ते उत्तर देत. ताईशीही ते वेगळ्याच खालच्या सुरात बोलू लागले. तिला त्यातलं निम्मंही समजत नसे, पण माणसाला वाईट वाटू नये म्हणून ती बाईंच्याच मऊ आवाजात ‘केन’ म्हणे. केन म्हणजे हो. आजोबा खूश आहेत, असं तिनं लेकीला कळवलं.

ती त्यांना वर्तमानपत्रातले मथळेही वाचून दाखवायला लागली होती, अडखळत, एकेक अक्षर लावत. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं. काहीतरी पुटपुटले आणि मग स्पष्ट विचारलं, “कारात ली?”

हा शब्द ताईला येत होता. वाचण्याच्या धड्यातलाच तर होता. मला वाचून दाखवलंस का, असं विचारताहेत. आत्ताच तर वाचून दाखवलं! आपल्याला आख्खा प्रश्न कळला, याचा तिला केवढा आनंद झाला. ती म्हणाली, “केन. काराती लेखा.” हो, वाचून दाखवलं.

आजोबांनी तिचं मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. घास तोंडापर्यंत नेत आणि खाली ठेवत. भिंतीकडे तोंड करून पडत आणि एकच शब्द म्हणत राहत, ‘स्लिखा’. माफ कर. डॉक्टर येऊन तपासून गेले. त्यांना काही सापडलं नाही. लेकीच्या फेऱ्या वाढल्या, ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तरी ती कॅसेटी ऐकत होती. आजोबा काय म्हणतात ते कळायला दुसरा मार्गच नव्हता. त्यातल्या एका धड्यात बाईंचं वाक्य आलं, आई अंगणातल्या मुलांना जेवायला हाक मारते. आणि हाक मारण्याचं क्रियापद तेच, वाचण्याचं. बाई समजावत होत्या, हिब्रूत दोन्हींना एकच शब्द, कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून ओळखायचं.

ताईनं मला बंद केलं. तिचे ओठ हलत होते. कारात ली? तू मला हाक मारली होतीस का? आणि त्याआधीचं ते पुटपुटणं, तेही आता तिला लागलं. ‘त्या दिवशी.’ बाई घरात एकट्या असताना कशा गेल्या, ते लेकीनं तिला सांगितलं होतं.

तू त्या दिवशी मला हाक मारली होतीस का, असं त्यांनी विचारलं होतं. आणि त्यांच्या बायकोच्या आवाजात त्यांना उत्तर मिळालं होतं, हो. मी तुला हाक मारली.

ताईनं रडत लेकीला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन लेक म्हणाली, “मग तू आता ‘नाही’ म्हण. आईच्याच आवाजात म्हण. तुला तो येतोय ना? माझे बाबा वाचतील.”

ताईनं फोन ठेवला. मग तिनं आपल्या भावाला फोन केला. तिचे वडील गावी वारले तेव्हा ती अशाच दुसऱ्या कुठल्या घरी कामाला होती, तिला पोचता आलं नव्हतं. तिनं विचारलं, “खरं सांग. बाबांनी माझं नाव घेतलं होतं का?”

“सांगितलंय ना तुला. घेतलं होतं.”

“तू तेव्हा खोलीत होतास?”

 भाऊ म्हणाला, “औषध आणायला गेलो होतो, ताई.”

ती त्याच्यावर रागावली नाही. जेवलास का, विचारलं आणि फोन ठेवला. मग तिनं मला दांड्याला धरून उचललं, आजोबांच्या खोलीत नेलं आणि उशाशी ठेवून बटण दाबलं. बाई बोलू लागल्या. आजोबांनी मान वळवली. बाई बोलत असतानाच ताईनं मला थांबवलं.

“ही ती,” ताई हिब्रूत म्हणाली. “मी ती नाही. मी तुमच्या घरी काम करते. तुम्ही विचारलंत ते मला समजलं नव्हतं. वाचलंस का विचारताय असं वाटलं, म्हणून मी हो म्हणाले.”

शब्द मागेपुढे होत होते, आवाज फाटत होता. ही वाक्यं कुठल्याच कॅसेटीत नव्हती.

आजोबांनी विचारलं, “मग तिनं हाक मारली होती की नाही?”

‘नाही’ हा शब्द त्या भाषेत एवढासा आहे. तो म्हणायला तिला श्वासही लागला नसता. ताई म्हणाली, “मला माहीत नाही. ते कुणालाच माहीत नाही.”

 मी मनात म्हणत होतो, दाबा, माझं कुठलं तरी बटण दाबा. पण माझ्यात जे भरलेलं नाही, ते बटण दाबून तरी कसं येणार?

मग आजोबा म्हणाले, “तुझं क्रियापद चुकलं.” बरोबर कसं म्हणायचं ते त्यांनी म्हणून दाखवलं आणि स्वतःशीच म्हणाले, “ती अशी चुकली नसती.” थोड्या वेळानं त्यांनी तिला नाव विचारलं. ती इतके महिने घरात होती, पण त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. तिच्या नावात ‘ळ’ होता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला, जीभ वळवून पाहिली. जमला नाही. पण त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी सूप घेतलं.

आजोबा पुरते सावरले, असं मी म्हणणार नाही. एखाद्या दुपारी ते बोलता बोलता थांबत आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे कान देत. पण ताईशी ताई म्हणूनच बोलत, तिच्या चुका काढत, ‘ळ’ म्हणून बघत. नंतरच्या थंडीत ते गेले. लेकीनं फोनवर विचारलं, माझं नाव घेतलं का? ताई म्हणाली, “नाही. माझा हात धरला होता, घट्ट.” लेक रडली, पण फोन ठेवताना तिनं आभार मानले.

घर रिकामं करताना तुला काय हवं, असं लेकीनं विचारलं. ताईनं मला घेतलं. आता ती दुसऱ्या घरी एका आजींची देखभाल करते आणि मी तिच्या खोलीतल्या फळीवर आहे. माझा रबरी पट्टा सैल पडलाय. कॅसेट लावली तर बाईंचा आवाज जाड, खोल होऊन कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा येतो. ताई हल्ली लावत नाही. तिला गरज नाही. दुकानात लोक तिला म्हणतात, किती जुन्या वळणाचं बोलता, आमची आई असं बोलायची. ती हसते. घरी आल्यावर मात्र तोंडावर हात ठेवून उगाच बसते.

आता बोलतोच आहे, तर सांगून टाकतो. त्या दुपारी मी टेबलावर होतो. बाईंनी खिडक्या लावल्या, फ्रीज बंद केला, कोरी कॅसेट घातली. घसा साफ केला. लाल बटणाकडे बोट नेलं, आणि ते बटणापर्यंत पोचलं नाही. त्या खुर्चीत जरा मागे टेकल्या, कुणी तरी चहा घेणार का विचारल्यावर माणूस विचार करत बसतो तशा. बस, तेवढंच. त्यांनी हाक मारली नाही. कुणालाच नाही.

तुमच्यापैकी कुणाला ताई भेटली, तर तिला एवढं सांगा. आजोबांना सांगायला उशीर झाला, पण तिला तरी कळू दे.

तिच्या वडिलांचं विचाराल, तर मला ठाऊक नाही. त्या खोलीत मी नव्हतो. तिथं एखादी खाट असेल, पाण्याचा पेला असेल, खुंटीवर सदरा असेल. त्या वस्तूंनी ऐकलं असेल. त्यांना विचारा. कुणी तरी विचारा.