आठ तोंडांचा डबा

"वहिनी, टॉर्च जरा खाली धरा. अजून. हां, तिथंच."

देवानंद टेबलाखाली पालथा पडला होता. माझ्या एका हातात टॉर्च, कडेवर अंजू, आणि अंजूचा हात लोंबणाऱ्या वायरींकडे. चौदा महिन्यांच्या मुलीला खेळणी सोडून घरातलं बाकी सगळं हवं असतं.

"झालं का?" बादलनं, माझ्या नवऱ्यानं, पाचव्यांदा विचारलं.

"बसलं त हाये. पाहा बरं."

बादलनं डब्याकडे पाहिलं. डब्यावरचा बारीक दिवा नारंगी होता. काल नारंगी होता, परवाही. तो पांढरा झाला की समजायचं, कॉम्प्युटरनं डब्याला ओळखलं.

"नाही."

देवानंद सरपटत बाहेर आला, गुडघे झटकले. "बसते, पन हालत नाही. आमच्या जावयासारखं झालं हे."

कुणी हसलं नाही. बुधवार होता. शनिवारी सकाळी मेडशीला मुकादमाची गाडी येणार होती, आणि तांड्यातल्या बाया त्या गाडीत बसून ऊसतोडीला जाणार होत्या. परत येणार थेट एप्रिलात.

बादल सात वर्षं पुण्यात एका स्टुडिओत होता. आधी वायरी गुंडाळायचा, मग माइक लावायचा, शेवटी शेवटी मशीनवर बसायचा. स्टुडिओत नवं सामान आलं तेव्हा मालकांनी हा जुना डबा त्याला दिला. "घेऊन जा, बादल. वय झालंय, पण कान चांगला आहे त्याचा." माइकमधला आवाज या डब्यात जातो आणि डब्यातून कॉम्प्युटरमध्ये. समोर माइक लावायच्या आठ जागा आहेत. माझी सासू, म्हणजे याडी, त्याला आठ तोंडांचा डबा म्हणते.

अडचण अशी की डब्याच्या मागे आहे ते थंडरबोल्ट नावाच्या जुन्या जोडणीचं सॉकेट. ज्या महागड्या कॉम्प्युटरसाठी तो बनला, तसला आमच्याकडे नाही. आमचा कॉम्प्युटर देवानंदनं वाशीमच्या त्याच्या दुकानात एकेक भाग जोडून उभा केलेला. बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे. देवानंदनं आधी आणलेली केबल डब्यात अगदी चपखल बसली आणि नंतर कळलं, ती टीव्हीच्या पडद्याची. दोन्हींची तोंडं सारखी, काम वेगळं. मग त्यानं मदरबोर्डवर बसवायचं थंडरबोल्टचं कार्ड मागवलं. कार्डाचं सॉकेट नव्या धाटणीचं, मोबाइलच्या चार्जरसारखं, म्हणून जुन्याला नव्याशी जोडणारा एक पांढरा तुकडा मागवला. कार्डापासून बोर्डापर्यंत एक बारीक वायर लावली. सेटिंगमध्ये शिरून परवानगी दिली. सगळं केलं. दिवा नारंगी.

"दुसरा डबा नाही का चालत?" देवानंदनं विचारलं. "दोन माइकचा, यूएसबीचा. लगेच चालू होते."

तो प्रयोग उन्हाळ्यात करून झाला होता. नांदेडच्या एका संस्थेला तांड्यातल्या बायांची लग्नगीतं हवी होती. नमुना आवडला तर आजूबाजूच्या तांड्यांचं वर्षभराचं काम बादलला मिळणार होतं. त्यानं दोन माइकचा डबा मागून आणला, याडीला एकटीला बसवलं, कानाला हेडफोन लावला. म्हटलं, बाकीच्या जणी मागून एकेक करून भरू. याडीनं दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

"समोर ललिता नाही, त मी उत्तर कोनाले देऊ? भिताडाले?"

ही गाणी एकटीची नसतातच. चार जणी इकडे, चार तिकडे. इकडून मुलगी विचारते, तिकडून आई सांगते. एकीचा श्वास संपतो तिथून दुसरी उचलते. म्हणून आठ तोंडं लागतात, आणि सगळी एकाच वेळी.

देवानंद गेल्यावर बादलनं पडदा बंद केला. मग म्हणाला, "निता, शनिवारी बापू-याडी गेले की रविवारी मी पुण्याले निघतो. चाकणच्या गोडाऊनमध्ये मित्र हाये. लावून देतो म्हनते."

मी अंजूचं लाळेरं बदलत होते. "आणि आम्ही?"

"खोली भेटली की नेतो ना."

ऑगस्टमध्ये अंजूला तापात झटका आला होता. डोळे वर, अंग ताठ, ओठ निळे. बादलनं मोटरसायकल काढली, मी मागे तिला छातीशी धरून, आणि वाशीमपर्यंतचा सगळा रस्ता मी तिच्या नाकापाशी बोट धरून होते. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच मुलांना होतं, मोठी झाली की जातं. कधी जातं ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून झोपेतही माझं बोट तिच्या नाकापाशी जातं. आता सासू-सासरे उसाला, नवरा चाकणला, आणि या घरात मी, अंजू आणि थर्मामीटर.

गुरुवारी संध्याकाळी मी कॉम्प्युटरच्या खोलीत झाडायला गेले. अंजू रांगत माझ्या आधी पोचलेली. जमिनीवरच्या विजेच्या बोर्डात दोन प्लग होते, एक कॉम्प्युटरचा, एक डब्याचा, आणि तिसऱ्या रिकाम्या जागेत तिचं बोट जवळजवळ गेलं होतं. मी किंचाळले. ती रडली. मी आधी तिला उचललं, मग तो बोर्ड टेबलामागे ढकलला. डब्याची वायर तेवढी पुरेना, म्हणून त्याचा प्लग काढून वरच्या भिंतीवरच्या बोर्डात लावला, जिथं पाळण्याजवळच्या पंख्याचा प्लग असतो. तो बोर्ड इन्व्हर्टरवर आहे. बादलला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंही नाही.

शुक्रवारी सकाळी बादल वाशीमला गेला, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला. याडी आणि बापू सामान बांधत होते. दहाच्या सुमारास लाइन गेली. पंखा फिरत होता, डब्याचा नारंगी दिवा तसाच, रात्रभर चालूच राहिलेला कॉम्प्युटर तेवढा बंद पडला. पाऊण तासानं लाइन आली.

अंजू खिचडी खाईना. घास दिला की थुंकायची. तिला कॉम्प्युटरचे रंगीत पंखे फार आवडतात. ते पाहताना तोंड उघडं पडतं आणि त्यात घास जातो. बादलला आवडत नाही, पण बादल वाशीमला होता. मी बटण दाबलं. पंखे आधी लाल, मग निळे, मग जांभळे झाले. अंजूनं तोंड उघडलं. मी घास पुढे केला आणि माझी नजर डब्यावर गेली.

दिवा पांढरा होता.

मी खिचडीच्या हातानंच फोन लावला.

"अहो, पांढरा झाला."

"काय पांढरा झाला?"

"दिवा."

पलीकडे ट्रॅव्हल्सवाल्याचा पोऱ्या औरंगाबाद-पुणे ओरडत होता. "कोनता दिवा?"

"आपल्या घरी दिवे किती आहेत? डब्याचा!"

"हात नोको लावू! निता, कशाले हात नोको लावू. अंजूले बाहेर काढ. मी देवानंदकडे जाऊन राह्यलो, फोन ठेवू नोको."

दहा मिनिटांनी देवानंदचा आवाज आला. "वहिनी, तुमी काय काय केलं ते सांगा. क्रमानं. काही सोडू नका."

मी सांगितलं. लाइन गेली, लाइन आली, खिचडी केली—

"खिचडी राहू द्या."

"तुम्हीच म्हणाले, काही सोडू नका." मग मला काल संध्याकाळचा प्लग आठवला. अंजूचं बोट, वरचा बोर्ड, इन्व्हर्टर. बोलता बोलता मलाच दिसायला लागलं. बादल रोज खाली बसून बोर्डाचं एकच बटण दाबायचा, डबा आणि कॉम्प्युटर एकदमच जागे व्हायचे. कधी डबा बंद करून पुन्हा लावायचा, पण तोवर कॉम्प्युटर सुरू झालेला असायचा. आज पहिल्यांदा डबा आधीपासून जागा होता आणि कॉम्प्युटर त्याच्यानंतर उठला.

"म्हंजे डबा आधी, कॉम्प्युटर मंग," देवानंद हळूच म्हणाला. "उठल्या उठल्या जो समोर दिसला त्यालेच ओळखते. मंगून आला त्याले दारातच उभा करते. अरे बाप्पा."

"मी बंद करून पुन्हा लावून पाहते," मी म्हणाले.

"नाही!" बादल मागून ओरडला. "चालू हाये त राहू दे!"

"अहो, मी बी.एस्सी. केलंय. एकदा झालं त्याला निरीक्षण म्हणतात. निष्कर्ष नाही."

मी दोन्ही बंद केले. पंखे काळे पडले. अंजू रडू लागली. डबा आधी, मग कॉम्प्युटर: पांढरा. कॉम्प्युटर आधी, मग डबा: नारंगी. पुन्हा डबा आधी: पांढरा. हे सगळं मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, कॉलेजच्या जर्नलमध्ये लिहायचे तसं.

बादल बारापर्यंत आला. चप्पल न काढता थेट खोलीत गेला. दिव्याकडे पाहिलं, वरच्या बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिकीट?" मी विचारलं.

"माह्यासमोर दोन जन होते," तो म्हणाला. "त्याईनं काढलं असंल."

शेजारच्या शेतात सोयाबीन काढणारं मळणी यंत्र सकाळपासून खडखडत होतं. ते एक वाजता जेवायला थांबतं. तेवढ्यात जे होईल ते. याडी घरोघर फिरली. बाया बांधाबांध टाकून आल्या, कुणाच्या हाताला पीठ, भागिरथाच्या खांद्यावर सुतळीचा गुंडा तसाच. बादलनं भिंतींवर गोधड्या टांगल्या. लग्नातल्या साउंडवाल्याकडून आणलेले माइक उभे केले, चार इकडे, चार तिकडे.

"हे तोंडात घालाचं का?" ललिताबाईनं विचारलं.

"घाल," याडी म्हणाली. "तेवढंच गप राह्यशीन."

"गप राह्यली त तुले उत्तर कोन देईन?"

हशा पिकला. बादलनं हात वर केला. मळणी यंत्र थांबलं, आणि एकाएकी इतकं शांत झालं की मला अंजूचा श्वास ऐकू आला. मी तिला घेऊन दारात बसले होते, तिचा आवाज निघाला तर पटकन बाहेर पळता यावं म्हणून.

याडीनं सुरुवात केली. सासरी निघालेली मुलगी बापाच्या अंगणातल्या एकेका गोष्टीला विचारते, मी गेल्यावर तुझं कोण करील. पलीकडून ललिताबाई आई होऊन उत्तर देते. बाया आपोआप वाकत होत्या, उठत होत्या, हाताची टाळी थांबत नव्हती. माइक आहे हे दुसऱ्या कडव्यात सगळ्या विसरल्या. तिसऱ्या गाण्यात अंजू मोठ्यानं "हाँ!" ओरडली. मी उठायला लागले तर बादलनं मानेनंच सांगितलं, बस. राहू दे.

पाच गाणी झाली आणि मळणी यंत्र परत सुरू झालं.

मग सगळ्या पडद्यापाशी गोळा झाल्या. पडद्यावर आठ ओळी होत्या, खालीवर, नाचऱ्या.

"हे काय व?" याडीनं विचारलं.

"तुमचे आवाज," मी म्हणाले. "प्रत्येकीची वेगळी ओळ. नाव लिहायचंय समोर."

बादल उठला आणि मला खुर्ची दिली. मी टाइप करत गेले. ललिताबाई. भागिरथा. एकेकीचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. चौथी ओळ रुपाबाई, म्हणजे आमची याडी. याडी पुढे वाकली. तिला वाचता येत नाही. तिनं ओळीवर बोट ठेवून ते हळूहळू सरकवलं आणि एका जागी थांबली.

"इथं मले ठसका आला होता."

बादलनं ती जागा वाजवली. ठसका होता.

"माहीवाली बारीक काहून?" ललिताबाई म्हणाली.

"तू माइकपासून सरकली, मावशी."

"मी कायले सरकू? तुह्या मायनं ढकललं असंल!"

संध्याकाळी बादलनं एक गाणं नांदेडला पाठवलं. अर्ध्या तासात फोन आला. तो अंगणात फेऱ्या मारत बोलत होता, मी चुलीपाशी कान लावून. फोन ठेवून आत आला आणि पाणी प्याला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात मंगरूळपीरकडचा तांडा. म्हने, मागं ओरडलेलं लेकरूही राहू द्या." थोड्या वेळानं त्यानं चाकणच्या मित्राला फोन लावला. तो काय म्हणाला ते मी ऐकायला गेले नाही.

सकाळी गाडी आली. मुकादम यादी घेऊन उभा राहिला. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि यादीत नाव नवऱ्याचंच असतं.

"भाऊसिंग, एक कोयता."

बापूंनी हात वर केला. याडी तोवर पोत्यांवर चढून बसली होती. तिला या पुकाऱ्याकडे लक्ष द्यायची कधी वेळच आली नव्हती. ती शेजारच्या ललिताबाईला बोटांवर काही मोजून दाखवत होती, आणि ललिताबाई मान हलवून भांडत होती.

मी अंजूला घेऊन गाडीच्या मागे उभी होते. अंजूच्या कपाळाला सवयीनं हात लावला. गार होतं.

गाडी हलली. याडीनं अंजूकडे पाहिलं, पदर सावरला, काहीतरी ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. मग तिनं हात उंच केला आणि चार बोटं दाखवली. चौथी ओळ. मी माझी चार बोटं वर केली. गाडी अकोल्याच्या रस्त्याला वळेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.