काठी कुठं टेकायची

"वही-बिही काही लिहून ठेवली होती का गं त्यानं?" कपातल्या चहाकडे बघत डेसमंडने विचारलं.

मेरियनने मान हलवली. "बाबांनी जन्मात वाणसामानाची यादी लिहिली नाही, डेसकाका."

डेसमंड हॅलबीच्या रेल्वे कारखान्यात मुकादम होता. मेरियनचे वडील, सिरिल, तिथेच अडतीस वर्षं फिटर होते. दोन डब्यांच्या डिझेल गाड्या हेच त्यांचं सगळं जग. दोन वर्षांपूर्वी हा मार्ग चालवण्याचं कंत्राट नव्या कंपनीला मिळालं आणि घरोघरी पत्रकं आली. अठरा महिन्यांत सगळ्या गाड्या कोऱ्या करकरीत, जुन्या भंगारात. त्याच आठवड्यात साठीपुढच्या फिटरांना निरोपाचा केक मिळाला. सिरिलनी पत्रक वाचून त्याची घडी घातली आणि ते बटाटे खणायला परसात गेले. या फेब्रुवारीत ते वारले. नव्या गाड्या अजून आल्या नव्हत्या.

"त्यांच्या दारांचं काहीतरी अडलंय म्हणे," डेसमंड म्हणाला. "आणखी एक वर्ष तरी. तोवर या म्हाताऱ्यांनीच ओढायचं. त्यात दोनशे सात नंबरची गाडी कण्हायला लागलीय. संगणक म्हणतो, ठणठणीत आहे. सोमवारपर्यंत दुखणं सापडलं नाही तर उभी करतील तिला, आणि लोकांना बस."

"मग केक वाटणाऱ्यांना विचारा ना."

"विचारलं. त्यांनी पुन्हा संगणक पाठवला." तो ओशाळून हसला. "रविवारी तू असायचीस त्याच्या मागंमागं, म्हणून आलो बघ."

असायची खरी. रविवारी आई चर्चमध्ये गायला जायची, म्हणून बाबा तिला कारखान्यात नेत. झाडूच्या दांड्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. मग ते तिच्या कानाला काठी लावत. "काय म्हणतेय बाई?" "पोटात दुखतंय म्हणते." बाबा खो खो हसत. आपल्याला खरंच ऐकू येतं, असं तिला तेव्हा वाटायचं. खरं तर परवापरवापर्यंत वाटत होतं.

त्यांचे कोट तिने देऊन टाकले होते. काठी तेवढी खुंटीमागे उभी होती. ती घेऊन मेरियन निघाली.

कारखान्यात डिझेलचा आणि ओल्या लोखंडाचा तोच वास होता. कर्स्टी नावाची पंचविशीतली फिटर गाडीखालच्या खड्ड्यात बसली होती. "तुम्ही ऐकणार?" तिने विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, नुसता थकवा होता.

इंजिन सुरू झालं. मेरियनने खड्ड्यात उतरून काठी टेकवली, कान लावला.

नुसता गोंगाट. तिने जागा बदलली. पुन्हा गोंगाटच. तेव्हाही एवढंच ऐकू येत असणार. ऐकायचे ते बाबा, ती फक्त उत्तर द्यायची. डेसमंड श्वास रोखून बघत होता. काहीतरी ठोकून द्यावं, असं तिच्या मनात आलं. पंप म्हणावं. सोमवारपर्यंत कुणाला कळलं नसतं.

"मला काही कळत नाही, डेसकाका."

"असू दे पोरी. मीच उगाच तुला..."

पण तिचा हात खाली आला नाही. तो आपल्या आपण पुढे सरकला. "ते असे जायचे," ती कर्स्टीला म्हणाली. "आधी इथे. दहा मोजायचे. मग इथे. मग कुशीवर होऊन, काठी तिरकी करून, या खोबणीत. इथं आले की तोंडातली गोळी चघळायची थांबवायचे."

"का?"

"ते नाही माहीत. थांबवायचे."

"माझ्या तोंडात गोळी नाहीये."

"मग बोलायचं थांब," डेसमंड म्हणाला.

कर्स्टीने काठी घेतली. पहिल्या जागी दहा, दुसऱ्या जागी दहा. तिसऱ्या जागी कुशीवर झाली, तेव्हा मात्र तिचे डोळे मिटले, आणि डावा हात सगळ्यांना गप्प करत हळूच वर गेला. दारातून ढकलगाडी नेणारा माणूससुद्धा थबकला.

"बेअरिंग," ती डोळे न उघडताच म्हणाली. "पंख्याच्या दांड्याचं. अहो, किती स्पष्ट येतंय! तुम्हाला नाही आलं ऐकू?"

"नाही," मेरियन म्हणाली.

डेसमंडने उगीचच मोठ्याने नाक शिंकरलं आणि तो बेअरिंग शोधायला कोठारात गेला. सोमवारी सकाळची गाडी सुटणार होती.

कर्स्टीने काठी पुसून पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडे."

"अहो, पण तुमच्या वडिलांची..."

"ते उंच होते. तुला लांब पडतेय. कापून घे."

फाटकातून बाहेर पडताना मेरियनला मागे करवत सुरू झालेली ऐकू आली. चारपाच फेऱ्या, मग लाकडाचा तुकडा फरशीवर पडल्याचा बारीकसा आवाज. ती क्षणभर थांबली. मग कोटाची बटणं लावून बसथांब्याकडे चालू लागली.